हिंगोलीचे ठग आणि जन्माने लागलेला शिक्का

हिंगोली शहरात रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा अशी वस्त्यांची नावे ऐकू येतात. ही नावे जुन्या छावणीची आहेत. निजामाच्या राज्यात, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमतीखाली असलेली फौज एकोणिसाव्या शतकात येथे तळ देऊन होती. 'हैदराबाद कंटिन्जंट' या नावाने ती ओळखली जाई. छावणी म्हटली की सदर बाजार आलाच. शिपायांना धान्य, कापड, तंबाखू, उधारी असे सर्व काही त्या बाजारात मिळे. या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतील गोरे अधिकारीही त्याच्याशी व्यवहार करत. त्यांपैकी एकाचे नाव होते फिलिप मेडोज टेलर.

एकदा या हरिसिंगाने जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्स यांच्याकडे परवाना मागितला. मुंबईहून कापड आणायचे होते. माणूस ओळखीचा, व्यवहार चोख, परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघाले होते, पण ते हरिसिंगाचे नव्हते. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी ते घेऊन येत होता. हरिसिंगाने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि जनावरे हाकणाऱ्यांना वाटेत मारले. सरकारी परवाना दाखवून माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघडपणे विकला. पुढे तो ठगांचा म्होरक्या म्हणून पकडला गेला आणि त्याने स्वतःच हे सांगितले, म्हणून कळले. एरवी कधीच उघडकीस आले नसते.

१८३२ च्या सुमारास ठगांच्या टोळ्यांतील माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवू लागले, तेव्हा हिंगोलीतही खोदकाम झाले. मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली होती. छावणीतून शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत नदीला मिळणारा एक कोरडा ओहळ होता. त्यात एकेका खड्ड्यात अनेक प्रेते सापडली. टेलर तेथे हजर होता. शेवटी पाहवेना म्हणून शोध थांबवला, असे त्याने लिहून ठेवले आहे. १८३९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या त्याच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकीकत आहे. कादंबरी कल्पित असली, तरी प्रस्तावनेतील हा भाग त्याच्या स्वतःच्या अनुभवाचा आहे.

आम्ही काही समाजशास्त्रज्ञ नव्हे. प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. पण या हकीकतीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो विज्ञानाच्या पद्धतीशी निगडित आहे. गुन्हेगार ओळखायचा कसा? चेहऱ्यावरून? जातीवरून? धंद्यावरून? की केवळ केलेल्या कृत्यावरून? हिंगोलीच्या ओहळाने या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले होते. राज्यकर्त्यांनी मात्र त्यातून नेमका उलटा धडा घेतला. त्या चुकीचे परिणाम आपल्या वर्गांपर्यंत कसे पोचले, हे या लेखात पाहू.

ठगी म्हणजे काय होते?

'ठग' हा शब्द झाकणे, लपवणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला असे मानतात. आपल्या बोलीतही 'ठकवणे', 'ठकसेन' हे शब्द आहेतच. दक्षिणेत अशा टोळ्यांना 'फासीगार' म्हणत. मद्रासच्या रिचर्ड शेरवूड या डॉक्टरने १८१६ मध्येच त्यांच्याविषयी लेख लिहिला होता. पद्धत साधारण अशी होती : टोळीतील काही जण वाटसरूंशी गोड बोलून ओळख काढत, सोबतीने प्रवास करत, योग्य जागा येताच इशारा होई, रुमालाने गळा आवळला जाई आणि प्रेत पुरले जाई. कामांची वाटणी ठरलेली असे. बोलण्यात गुंतवणारा 'सोथा', खड्डे खणणारा 'लुघा' आणि इशाऱ्याला 'झिरणी' असे त्यांच्या बोलीतील शब्द नोंदले गेले आहेत.

हा धंदा चालण्याजोगी परिस्थिती होती. आगगाडी नव्हती, तार नव्हती. माणूस घरातून निघाला की महिनोन् महिने त्याची खबर नसे. पेढ्यांची रोकड माणसांबरोबर पायवाटेने जाई. एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात शिरले की पाठलाग थांबे. त्यातच १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि लहानमोठ्या सरदारांच्या फौजा मोडल्या. हजारो घोडेस्वार आणि शिपाई बेकार झाले. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या नव्हा येथील गढीत नौसाजी नाईकाने जानेवारी १८१९ मध्ये निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेशी झुंज दिली, ती याच उलथापालथीच्या काळात. कागदोपत्री ते 'बंड' ठरले. त्या भागातील लोक मात्र नौसाजींना आजही वीर मानतात. एकाच कृत्याला कोण काय नाव देतो, हा मुद्दा येथेच लक्षात ठेवू या.

स्टुअर्ट गॉर्डन या इतिहासकाराने १९६९ मध्ये माळव्यातील टोळ्यांचा अभ्यास करून असे दाखवले, की त्या काळच्या लूटमारीचा संबंध राज्ये बनण्या-मोडण्याशी होता. किम वॅग्नर यांनी २००७ च्या पुस्तकात म्हटले, की ठगी ही स्थानिक परिस्थितीतून आलेली एक प्रकारची दरोडेखोरी होती. देवीला बळी देणारा देशव्यापी गुप्त पंथ हे तिचे चित्र बरेचसे इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून उतरले.

पुरावा किती आणि कसा?

ठगीविरुद्धच्या मोहिमेचा सूत्रधार विल्यम स्लीमन. १८३५ मध्ये तो या मोहिमेचा मुख्य अधिकारी झाला आणि १८३६ मध्ये ठगांच्या बोलीवरचे त्याचे 'रामसीआना' हे पुस्तक निघाले. त्याची पद्धत त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. पकडलेल्या ठगाला माफीचा साक्षीदार करायचे, त्याच्याकडून साथीदारांची नावे, नातीगोती, टोळ्यांचे मार्ग, पुरलेल्या जागा काढून घ्यायच्या, त्यांचे नकाशे आणि वंशावळ्या बनवायच्या, आणि एकाचा जबाब दुसऱ्याशी ताडून पाहायचा. हजारो माणसे पकडली गेली, चारशेहून अधिक फासावर गेली. बाकीच्यांपैकी बहुतेकांना काळे पाणी किंवा दीर्घ कैद मिळाली.

विज्ञानाचा विद्यार्थी येथे थांबून विचारेल : या माहितीचा नमुना कसा निवडला गेला? बहुतेक माहिती माफीच्या साक्षीदारांची. साक्षीदाराचा जीव त्याच्या साक्षीवर अवलंबून. जितकी नावे जास्त, तितकी त्याची किंमत जास्त. अशा साक्षींत खरे असतेच, पण खोट्याची भेसळ किती हे केवळ साक्षींवरून कळत नाही. स्लीमनच्या नातवाने १९३३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच 'दहा लाख खून' आले. इतका मोठा आकडा थोड्या साक्षींना वर्षांनी आणि टोळ्यांच्या संख्येने गुणून तयार होतो. तो मोजलेला आकडा नव्हे.

म्हणून ठगी ही निव्वळ इंग्रजांनी रचलेली कहाणी होती, असे म्हणावे काय? तेही चूक. साक्षीदाराने बोट दाखवले आणि तेथे सांगाडे निघाले, तर ती साक्ष त्या जागेपुरती तपासली गेली. हिंगोलीचा ओहळ हा असा तपासलेला पुरावा आहे. माणसे मारली गेली होती आणि मारणारे होते. जे तपासले गेले नाही ते वेगळेच होते : हे मारणारे म्हणजे जन्मानेच गुन्हेगार असलेली एक जात आहे, हे गृहीतक.

कायद्याने टाकलेले पाऊल

खून सिद्ध करायचा तर प्रेत हवे, वेळ-काळ हवा, साक्ष हवी. वाटेवरच्या खुनात हे जमणे अवघड. म्हणून १८३६ चा तिसावा कायदा आला. त्यात म्हटले होते, की जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल, त्याला जन्मठेप आणि सक्तमजुरी. कायद्यापूर्वी टोळीत असला तरी, आणि कंपनीच्या मुलखाबाहेर असला तरीही. म्हणजे निजामाच्या राज्यातील हिंगोलीचा माणूसही त्यात आला. अमुक खून अमुकाने केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. आश्चर्य म्हणजे 'ठग' कोणाला म्हणावे याची व्याख्याच या कायद्यात नव्हती! राधिका सिंघा यांनी १९९३ मधील निबंधात या कायदेशीर बदलाचे महत्त्व उलगडून दाखवले आहे. कृत्याकडून माणसाच्या गटाकडे कायद्याची नजर वळली, ती येथे.

पुढे १८६० च्या भारतीय दंड संहितेत ठगाची व्याख्या आली. ३१० आणि ३११ ही ती कलमे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ही दोन कलमे तिच्यात घेतली गेली नाहीत. ठगी संपून दीड शतक उलटले, तरी ठग कायद्याच्या पुस्तकात राहिला होता.

दुसरे पाऊल त्याहून मोठे होते. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला. त्यामागचा युक्तिवाद असा : हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तर मग गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच असणार. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की त्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येत नसे. जमातीतील माणसांची नोंद, हजेरी, गाव सोडण्यासाठी परवाना, आणि न पाळल्यास शिक्षा. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची सोय केली. १९११ मध्ये कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानला लागू झाला आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात आणि हजेरीला परत येत.

कोण होती ही माणसे? महाराष्ट्रात आज विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावे आहेत. त्यांत बंजारा, कैकाडी, वडार, रामोशी, बेरड, भामटा, कंजारभाट, पारधी ही नावे वाचकांच्या परिचयाची आहेत. हिंगोली जिल्ह्यात बंजारा तांडे गावोगाव दिसतात. एके काळी बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ देशभर नेणारी ही माणसे. फौजांची रसद त्यांच्याच भरवशावर चाले. रस्ते आणि आगगाडी आली, मिठावर सरकारी बंधने आली आणि धंदा बसला. फिरणे मात्र चालू राहिले. स्थिर गावाच्या आणि स्थिर साऱ्याच्या हिशेबात न बसणारा माणूस संशयित ठरला. वडार दगड फोडत, कैकाडी टोपल्या विणत, पारधी शिकार करत. रामोशी तर अनेक गावांचे राखणदार. चोरी झाली की चोराचा माग काढणे हे त्यांचे काम. ज्यांच्यावर गावाने पहारा सोपवला होता, त्यांच्यावरच सरकारने पहारा बसवला.

आता हरिसिंगाकडे परत जाऊ. तो फिरस्ता नव्हता. पालात राहत नव्हता. बाजारात त्याची पत होती. भटक्यांची हजेरी घेणारा कायदा हिंगोलीत १८३२ पूर्वी असता, तरी त्याच्या हाती हरिसिंग लागला नसता. त्याच्याकडे तर सरकारचाच परवाना होता!

विज्ञानाच्या नावाने झालेली चूक

या चुकीत विज्ञानाचाही वाटा आहे, हे आम्हाला कबूल केले पाहिजे. त्या काळी युरोपात फ्रेनॉलॉजी नावाचे एक 'शास्त्र' जोरात होते. कवटीच्या उंचसखलपणावरून स्वभाव सांगता येतो, हा त्याचा दावा. सागर येथे फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या हेन्री स्प्राय या डॉक्टरने एडिंबरोच्या फ्रेनॉलॉजी मंडळाकडे पाठवल्या. तेथे मोजमापे झाली. पंचाईत अशी झाली, की खुनशीपणाचा म्हणून मानलेला भाग अपेक्षेइतका मोठा भरेना. मग सांगण्यात आले, की हे लोक खुनशीपणामुळे नव्हे, तर लोभामुळे आणि लहानपणापासूनच्या सवयीमुळे मारतात. निष्कर्ष आधी ठरलेला आणि मोजमाप नंतर जुळवलेले. कोणतेही मोजमाप ज्याला खोटे ठरवू शकत नाही, ते विज्ञान नव्हे. विद्यार्थ्यांना हे सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

१८७६ मध्ये इटलीच्या चेझारे लोंब्रोझो यांनी 'जन्मजात गुन्हेगार' शरीराच्या खुणांवरून ओळखता येतो, असे मांडले. इंग्लंडच्या चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे घेतली. विद्यापीठातील विद्यार्थी, सैनिक अशा इतर गटांशी तुलना केली आणि १९१३ मध्ये जाहीर केले, की गुन्हेगाराचा म्हणून असा वेगळा शारीरिक साचा आढळत नाही. गोरिंग यांच्या कामाचे महत्त्व येथेच आहे : त्यांनी कैद्यांची तुलना इतर गटांशी नीट करून पाहिली. आपल्याकडे मात्र याच सुमारास जन्मावर आधारलेला कायदा देशभर पसरत होता.

समाजशास्त्र काय सांगते?

फ्रान्सचे एमिल दुर्खीम यांनी १८९५ मध्ये एक धक्कादायक विधान केले : गुन्हा नसलेला समाज असू शकत नाही. नियम आहेत तेथे नियमभंग असणारच. शिक्षेचे एक काम म्हणजे बाकीच्यांना 'आपण एक आहोत' हे जाणवून देणे. ठगीविरुद्धच्या मोहिमेने कंपनी सरकारला हेच मिळवून दिले. रस्ते सुरक्षित करणारे सरकार, अशी त्याची प्रतिमा झाली. रस्ते खरेच काही अंशी सुरक्षित झाले, हेही नाकारायचे कारण नाही.

अमेरिकेचे रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये म्हटले, की समाज सर्वांपुढे एकच ध्येय ठेवतो, पण तेथे पोचण्याच्या वाटा सर्वांना देत नाही. त्या ताणातून नियमभंग उपजतो. बैल आणि मीठ गेलेल्या तांड्यांना हे लावून पाहावे.

१९३९ च्या डिसेंबरमध्ये एडविन सदरलँड यांनी समाजशास्त्रज्ञांच्या सभेत वेगळाच मुद्दा काढला. आपण गुन्ह्याचे सिद्धान्त तुरुंगातील गरिबांना पाहून रचतो; प्रतिष्ठितांचे व्यवसायातील गुन्हे तुरुंगापर्यंत पोचतच नाहीत; म्हणून आपला नमुनाच एकांगी आहे. हरिसिंगाची हकीकत छापून आली त्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती.

हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. 'विचलित' हा गुण कृत्यात नसतो. इतरांनी नियम लावून शिक्का मारण्यातून तो तयार होतो. शिक्का बसला की काम मिळत नाही, घर मिळत नाही, आणि शेवटी तोच शिक्का खरा करण्याखेरीज माणसापुढे वाट उरत नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे चक्र आतून कसे दिसते, ते त्यात मराठी वाचकांनी वाचले आहे. या सिद्धान्ताची मर्यादाही ध्यानात घ्यावी. ओहळातील प्रेते काही शिक्क्याने तयार झाली नव्हती. खून हा खूनच. शिक्का कोणावर बसतो आणि कोण सुटतो, एवढ्यापुरते बेकर उपयोगी पडतात.

नियंत्रण हे केवळ सरकारच करते असेही नाही. गोतसभा, जातपंचायत, वाळीत टाकणे ही समाजाची जुनी हत्यारे. त्यांनी गावे सांभाळली तशी माणसे चिरडलीही. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो त्यामुळेच.

वाल्याची गोष्ट आणि आपला वर्ग

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला. 'विमुक्त' हे नाव त्यातून आले आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण राज्याराज्यांतून 'सवयीचे गुन्हेगार' कायदे आले आणि पोलीस चौकीतील नजर फारशी बदलली नाही. काही राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत जातीनुसार कामे वाटण्याचे आणि विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानण्याचे नियम होते. ते सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी!

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सर्वच सांगतो. नारद त्याला विचारतात : तुझ्या पापात घरचे वाटेकरी होतील काय? बायकामुले म्हणतात, तुझे पाप तुझे. आपण ही गोष्ट नामजपासाठी सांगतो. पण तिच्यात न्यायाचे दोन नियम आहेत : गुन्हा ज्याचा त्याचा, आणि माणूस बदलू शकतो. १८७१ च्या कायद्याने हे दोन्ही नाकारले. बापाचे पाप मुलाच्या नावावर मांडले आणि बदलण्याची वाट बंद केली.

आमच्या शाळकरी वयातील एक प्रसंग विसरता येत नाही. वर्गातील एकाची कंपासपेटी हरवली. गुरुजींनी कोणालाही न विचारता मागच्या बाकावरील एका मुलाचे दप्तर रिकामे केले. तो गावाबाहेरच्या पालांतून येई. पेटी सापडली नाही. दुसऱ्या दिवशी ती ज्याची होती त्याच्याच घरी निघाली. दप्तर भरताना त्या मुलाने मान वर केली नाही आणि त्या दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. आम्ही बाकीचे चाळीस जण गप्प बसलो होतो. त्या मुलावर संशय घ्यावा असे गुरुजींच्या मनात कोणी घातले, हे कोडे ठगीचा इतिहास वाचताना आम्हाला उलगडले. गुरुजी वाईट नव्हते. दीडशे वर्षांचे एक गृहीतक त्यांनी न तपासता वापरले होते.

शिक्षकांना वर्गात एक छोटा उपक्रम घेता येईल. एखाद्या वर्तमानपत्रातील महिन्याभराच्या गुन्ह्यांच्या बातम्या मुलांना जमवायला सांगाव्यात. कोणत्या बातमीत आरोपीची जात किंवा वस्ती छापली आहे आणि कोणत्या बातमीत त्याचा हुद्दा, याची दोन रकान्यांत नोंद करावी. भुरट्या चोरीत किती रक्कम गेली आणि फसवणुकीत किती, हे शेजारी लिहावे. निष्कर्ष आपण सांगू नये. मुलांनाच काढू द्यावा. नोंद नीट झाली, तर दोन्ही रकाने आपापले बोलतील.

आणि वर्गात काही हरवले तर? शोध जरूर घ्यावा, पण पहिल्या बाकापासून, सर्वांचा सारखा. हिंगोलीच्या पहारेकऱ्यांची नजर बाहेरच्या रस्त्यावर होती आणि खड्डे त्यांच्या पाठीमागे पाचशे यार्डांवर खणले जात होते.